घरातून जगाशी : मोर्सची एक स्पर्धा



नोव्हेंबरमधील अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी जगभरचे हजारो हौशी रेडिओचालक आपापल्या घरी कानांना श्रवणयंत्र लावून बसतात. भारतात शनिवारी पहाटेचे साडेपाच वाजले की आंतरराष्ट्रीय वेळेचे शून्य तास होतात आणि ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ स्पर्धेचा मोर्स विभाग सुरू होतो. तो सलग ४८ तास चालतो. १९४८ साली सुरू झालेल्या या स्पर्धेसाठी कोठे जावे लागत नाही. शासनाचा परवाना, प्रक्षेपण व ग्रहण करणारा संच, मोर्सची कळ आणि घरावर ताणलेली तार एवढ्यावर काम भागते. ४० मीटर पट्ट्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार पुरते. ती गच्चीपासून परसातल्या नारळीपर्यंत नेली तरी चालते.

ध्वनिक्षेपक असताना टिंबे आणि रेषा कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. बोललेल्या आवाजाला लहरींच्या पट्ट्यात सुमारे अडीच हजार हर्ट्झ रुंदीची जागा लागते. मोर्सला दीड-दोनशे पुरतात. प्रक्षेपकाची सारी शक्ती त्या चिंचोळ्या जागेत एकवटते. ऐकणाराही आपल्या संचाची चाळणी तितकीच बारीक करतो, त्यामुळे पुष्कळशी खरखर बाहेरच राहते. या स्पर्धेत अवघ्या ५ वॉट शक्तीवर उतरणाऱ्यांचा वेगळा वर्ग आहे, आणि त्यांचेही संदेश समुद्रापार पोचतात.

प्रत्येक संपर्कात दोनच गोष्टी कळवायच्या असतात : समोरच्याचा आवाज कसा ऐकू येतो याचा तीन अंकी शेरा आणि आपला विभाग क्रमांक. जगाचे ४० विभाग पाडले असून भारत २२ व्या विभागात येतो. शेरा मात्र सर्वजण ५९९ असाच देतात. कष्टाने ऐकू येणाऱ्यालाही तोच! वेळ वाचावा म्हणून नवाच्या जागी ‘एन’ हे अक्षर वाजवितात. हा शेरा केवळ शिष्टाचार होय. खरी कसोटी समोरच्याचे संकेतनाम अचूक टिपण्याची असते. ते चुकले तर त्या संपर्काचे गुण जातात, वर दंडही बसतो.

भारतातून खेळणाऱ्याला गणितही मांडावे लागते. जपानमध्ये हौशी पुष्कळ, पण तो आशियातच असल्याने एका संपर्काला १ गुण. युरोप वा अमेरिकेला ३. स्वदेशातील संपर्काला गुणच नाहीत. प्रत्येक पट्ट्यावर नवा देश वा नवा विभाग मिळाला की एकूण गुणांचा गुणक वाढतो. म्हणून जपानची रांग उपसत बसावे, की ती सोडून एखादा दुर्मीळ देश शोधावा, हा निर्णय घटकेघटकेला करावा लागतो. सूर्य चढतो तसे वरचे पट्टे जागे होतात, रात्री ४० व ८० मीटरचे. हे वेळापत्रक पुस्तकात वाचता येते, पण अंगवळणी पडते ते अशा जागरणांनीच.

या जागरणाचा समाजाला उपयोग काय? १९९३ च्या किल्लारी भूकंपात हौशी रेडिओचालकांनी संदेशवहनास हातभार लावला. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा अशांचे एक पथक छंदापायीच पोर्ट ब्लेअरला गेलेले होते. इतर साधने कोलमडली असता त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला. अर्थात स्पर्धा म्हणजे मदतकार्य नव्हे. औषधांची यादी सावकाश, शब्दन्‌शब्द पडताळून घ्यावी लागते. स्पर्धेतली घाई तेथे घातकच ठरेल. पण गलक्यातून एक क्षीण आवाज वेगळा काढणारा कान, आणि कोणत्या वेळी कोणता पट्टा कोठवर पोचतो याचे ज्ञान, ही ऐन आपत्तीत शिकता येत नाहीत.

मोर्सचा सरकारी आश्रय तर आटला आहे. परवान्यासाठी मोर्स परीक्षा घ्यावी की नाही, हे २००३ च्या जिनिव्हा परिषदेने प्रत्येक देशाच्या इच्छेवर सोपविले. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवाही बंद झाली. ही विद्या आता मुख्यतः घराघरांतील टेबलांवर उरली आहे. गच्चीवर तार बांधू देण्याविषयी एखादा अर्ज पंचायतीपुढे आला, किंवा विज्ञानाच्या शिक्षकाने मुलांना असे केंद्र दाखवू म्हटले, तर तो प्रश्न या दृष्टीने पाहता येईल.

सोमवारी पहाटे साडेपाचला कळ थांबते. त्यानंतर ५ दिवसांच्या आत संपर्कांची नोंद परीक्षकांकडे पाठवायची असते. तेथे प्रत्येक ओळ समोरच्या केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहतात आणि मगच निकाल लागतो.