झोप बोलावून येत नाही

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गणरायाला वंदन करून आजच्या विषयाकडे वळू या. मंडळाच्या शिबिरात आम्ही डॉक्टर मंडळी रक्तदाब आणि साखर तपासतो. खुर्चीवरून उठता उठता बरेच जण हळूच विचारतात, ‘तेवढं झोपेचं काहीतरी सांगा ना. दिवा मालवला की डोक्यात विचारांची चक्की सुरू होते.’ आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

आपल्या इंदुरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघायला आपण पहाटेपर्यंत जागतो. दुसऱ्या दिवशी अंग जड होतं, जांभया येतात आणि त्या रात्री गाढ झोप लागते. त्या जागरणाची कुणाला भीती वाटत नाही. पण तेवढीच रात्र अंथरुणात तळमळत गेली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासूनच धाकधूक सुरू होते: ‘आज लागेल का झोप?’ निद्रानाश जुना होतो तो बहुतेक वेळा या धास्तीमुळे.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी ती वाढते. दुपारी दोन तास ताणून दिली, तर रात्रीची भूक मरते. चहा-कॉफीतलं कॅफिन ही भूक दाबून ठेवतं, आणि घेतलेल्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे मेंदूतलं घड्याळ. सकाळच्या उजेडानं ते रोज जुळवलं जातं. शरीराचं हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, या शोधासाठी २०१७ चं नोबेल दिलं गेलं.

या दोन्ही गोष्टींना आपला हुकूम चालत नाही. ‘आता झोपायचंच’ असं ठरवून डोळे घट्ट मिटले की छाती धडधडते. मग आपण घड्याळ बघतो आणि हिशेब मांडतो, ‘आता लागली तरी चारच तास मिळतील.’ असं महिनोन् महिने झालं की अंथरूण हीच काळजी करायची जागा होऊन बसते. सोफ्यावर टीव्हीसमोर पेंगणारा माणूस पलंगावर आडवा होताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

ही सवय मोडण्याची रीत अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडली. ती साधी आहे. झोप आली की मगच पलंगावर जायचं. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ न बघता), तर उठायचं. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी शांत काम करायचं, आणि डोळे जड झाले की परत यायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. पहिले काही दिवस त्रासाचे जातात, पण काही आठवड्यांत बऱ्याच जणांची घडी बसते. जुन्या निद्रानाशावर गोळीआधी अशाच वर्तनोपचाराचा मार्ग घ्यावा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं.

आता विचारांचं. दिवसा काम असतं, माणसं असतात. रात्री मन रिकामं सापडतं आणि अडलेली प्रत्येक गोष्ट पुढे येते. म्हणून काळजीला संध्याकाळची वेळ नेमून द्या. पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. मनात काय आहे आणि उद्या त्याचं काय करणार, हे लिहा. काहीच करण्यासारखं नसेल तर तसंही लिहा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ५७ तरुण होते. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे ९ मिनिटं लवकर झोप लागली. मनाला आठवणीची राखण करावी लागली नाही, की ते सैल होतं.

आपल्या घरांमधली सगळ्यात मोठी काळजी आपल्याला ठाऊक आहे. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला, आणि वाड्याच्या जागी झालेल्या फ्लॅटमध्ये आपण दोघंच. एक काकू रात्री दोनला उठून न्यू जर्सीतला मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर शेवटचा कधी दिसला ते बघत. त्यांची रात्र म्हणजे त्याचा दिवस. उत्तर आलं नाही की नाही नाही ते मनात येई. आम्ही मायलेकांना फोनची वेळ ठरवायला सांगितलं. आता रोज सकाळी साडेसातला त्याचा फोन येतो, काकूंचा मोबाइल रात्री दिवाणखान्यात असतो आणि फक्त घरच्यांची घंटी चालू असते. काळजी संपलेली नाही, पण तिला आता सकाळची वेळ आहे.

काही गोष्टी मात्र घरी निस्तरायच्या नाहीत. शेजाऱ्याची झोपेची गोळी घेऊ नका. उतारवयात तिनं तोल जातो, हाड मोडतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्यानं कमी करा. घोरताना श्वास अडकत असेल, आठवड्यातून तीन रात्री असं तीन महिने चाललं असेल, किंवा झोप न होताही अंगात दांडगा उत्साह संचारला असेल, तर दाखवून घ्या. पहाटेच जाग येते, कशातच मन लागत नाही, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर त्याच दिवशी घरच्यांशी बोला. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

आणि कुणी ‘रात्रभर झोप नाही’ म्हणालं, तर ‘विचार करू नकोस’ असं सांगू नका. ते त्यांच्या हातात असतं तर ते केव्हाच झोपले असते. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, आणि मनात काय आहे ते दिवस मावळायच्या आत बोलून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!