शर्यत कोणाची, मालकी कोणाची?

(डोंबिवली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



मोटारसायकलींच्या शर्यतीसारखा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे काहींना वाटेल. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर भरधाव जाणारे तरुण आपण पाहतो आणि त्यांना बेजबाबदार ठरवून मोकळे होतो. त्यांतले कित्येक कामगारांचीच मुले असतात आणि गाडी हप्त्यांवर घेतलेली असते. वेगाची ही ओढ बाजारात कशी विकली जाते आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. म्हणूनच तो आपलाही आहे.

प्रथम मालकी पाहू. मोटोजीपी या जागतिक स्पर्धेचे व्यापारी हक्क 1992 मध्ये डोर्ना या स्पॅनिश कंपनीकडे गेले. पुढे सीव्हीसी ही गुंतवणूक संस्था तिची मालक झाली. 2006 मध्ये सीव्हीसीने मोटारींची फॉर्म्युला वन स्पर्धाही ताब्यात घेतली, तेव्हा दोन्ही स्पर्धा एका हाती नकोत म्हणून युरोपीय आयोगाने तिला डोर्ना विकायला लावली. 2025 मध्ये मात्र फॉर्म्युला वनच्याच मालकाने, लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने, डोर्नाचा सुमारे 84 टक्के हिस्सा घेतला. व्यवसायाचे मूल्य 420 कोटी युरो धरले गेले. या वेळी आयोगाने एकही अट घातली नाही!

कारखानदाराच्या लेखी शर्यत ही जाहिरात असते. आपल्या मुंबईच्या महिंद्राने मोटो-3 गटात चमू उतरवला. 2016 मध्ये नेदरलँड्समधील असेन येथे फ्रान्सेस्को बान्याया याने महिंद्राच्या गाडीवर शर्यत जिंकली. घरच्या बाजारात महिंद्राच्या दुचाकींना पाय रोवता आले नाहीत आणि 2017 च्या हंगामाअखेर चमू गुंडाळला गेला. शर्यतीतल्या विजयाचेही मोल शेवटी खतावणीतच ठरते.

आता ऑस्ट्रियाच्या केटीएमकडे वळू. पुण्याच्या बजाज ऑटोने 2007 पासून तिच्यात भांडवल घातले आणि तिच्या लहान गाड्या चाकणला तयार होऊ लागल्या. केटीएम 2017 मध्ये मोटोजीपीच्या सर्वोच्च गटात उतरली. नोव्हेंबर 2024 मध्ये ती नादारीच्या कारवाईत सापडली. लाखाहून अधिक गाड्या न खपता पडून होत्या. अतिउत्पादनाचे अरिष्ट आपण पुस्तकात वाचतो, ते हेच. कामगारांचे पगार थकले, शेकडोंची नोकरी गेली, धनकोंना 30 टक्क्यांवर समाधान मानावे लागले. 2025 च्या हंगामात शर्यतीचा चमू मात्र मैदानात होताच. बजाजने 80 कोटी युरोंची व्यवस्था केली आणि वर्षअखेरीस कंपनीचे नियंत्रण मिळवले.

याच बजाजच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी 2013 च्या जून ते ऑगस्ट या काळात 50 दिवस संप केला होता. कंपनीचे 500 समभाग प्रत्येकी एक रुपया दराने प्रत्येक कामगाराला मिळावेत, अशी त्यांची एक मागणी होती. ती फेटाळली गेली आणि संप निष्फळ ठरला. वृत्तपत्रांना ती मागणी विचित्र वाटली. मला ती त्या दशकातील सर्वांत विचारप्रवर्तक मागणी वाटते, कारण तिने वेतनाच्या पलीकडे जाऊन थेट मालकीला हात घातला. संकटात भांडवल ओतणाऱ्याला मालकी मिळते. मग वर्षानुवर्षे श्रम ओतणाऱ्याला का मिळू नये?

शर्यतीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. कौशल्य आणि धाडस हे मानवी गुण आहेत. पण वळणावर जीव पणाला लावतो तो स्वार, गाडी जुळवतो तो कामगार, हप्ते फेडतो तो आपल्या वस्तीतला तरुण. आणि हक्क विकले जातात तेव्हा या तिघांपैकी एकालाही कोणी विचारत नाही. त्या तरुणाला वेगाविरुद्ध उपदेश करत बसण्यापेक्षा हा हिशेब त्याच्यापुढे मांडा. तो ऐकेल, कारण त्यातली एक रक्कम दरमहा त्याच्याच खिशातून जाते.