यिन-अर : चीनची पांढरी अळंबी

चिनी घरांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाणारी एक अळंबी म्हणजे यिन-अर, अर्थात स्नो फंगस. फुजियान प्रांतातल्या गुतियानमध्ये तिची मोठी लागवड होते. गंमत अशी, की ही एकटी वाढत नाही. लाकडातलं अन्न मिळवायला तिला दुसऱ्या एका बुरशीची सोबत लागते.

वाळलेला पिवळट, कडक गड्डा थंड पाण्यात टाकला की तासाभरात फुलून झालरीसारखा होतो. बुडाचा टणक भाग कापून टाकायचा, उरलेले तुकडे खडीसाखर आणि लाल खजुरासारख्या चिनी बोरांबरोबर मंद आचेवर शिजवायचे. पाणी हळूहळू बुळबुळीत, दाट होतं. कोरड्या खोकल्यावर आणि त्वचेच्या रुक्षपणावर चिनी वैद्य हीच खीर सुचवत आले आहेत.

तो दाटपणा येतो पॉलिसॅकराइड या लांब साखळीच्या शर्करांमुळे. त्या पाणी धरून ठेवतात, म्हणून क्रीम आणि सीरममध्ये हा अर्क घालतात. त्वचेवरचा ओलावा टिकवायला तो उपयोगी आहे. सुरकुत्या पुसून टाकण्याच्या जाहिरातींवर मात्र विसंबू नये. खाण्यातून तंतू मिळतात, उष्मांक अगदी कमी.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा. भिजवलेली अळंबी उबेत फार वेळ राहिली, तर तिच्यात जिवाणूंमुळे बोंगक्रेकिक आम्ल हे जीवघेणं विष तयार होऊ शकतं, आणि ते उकळूनही जात नाही. तेव्हा लागेल तेवढीच भिजवा, लगेच शिजवा. रात्रभर बाहेर राहिलेली सरळ फेकून द्या.