जर्मनीची वाट मराठीतून

परदेशी जाण्याच्या गोष्टी पूर्वी शहरात चालत. आता त्या गावच्या पारावर येऊन पोहोचल्या आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल कामगार पाठवण्याविषयी करार झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने जाहीर केले की, भारतातील कुशल माणसांना वर्षाला वीस हजार व्हिसा मिळत, ते आता नव्वद हजारांपर्यंत देऊ. या बातम्या आल्या आणि आयटीआय झालेला वायरमन, नर्सिंगचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी, बी.एस्सी.ला बसलेला विद्यार्थी, सगळे एकच प्रश्न विचारू लागले, "सर, जर्मन किती महिन्यांत येते?"

प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या पोटात एक गैरसमज आहे. भाषा म्हणजे वाटेवरचा जकातनाका, एकदा पावती फाडली की पलीकडे मोकळे रान, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जर्मन भाषा हा नाका नव्हे, तीच वाट आहे. ती वाट खेड्यातल्या मुलाला वाटते तितकी परकी नाही. हे कसे, तेच आज आपल्याशी बोलायचे आहे.

प्रथम हे पाहू की, जर्मनी माणसे का बोलावते. तिथे म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढते आहे, मुले कमी जन्मतात, आणि महायुद्धानंतरच्या काळात जन्मलेली मोठी पिढी कामावरून निवृत्त होत आहे. रुग्णांची सेवा, वीजकाम, नळकाम, वाहनचालन, हॉटेलातले काम, सगळीकडे हात हवे आहेत. तिथे जाण्याच्या मुख्य वाटा तीन. एक विद्यापीठाची. दुसरी 'ऑस्बिल्डुंग'ची, म्हणजे उमेदवारीची. तिच्यात आठवड्यातले काही दिवस कारखान्यात वा इस्पितळात काम आणि काही दिवस शाळा, असा दोन ते साडेतीन वर्षांचा क्रम असतो व शिकताना विद्यावेतन मिळते. तिसरी वाट, इथे शिकून तयार झालेल्या कारागिराची किंवा परिचारिकेची. तिला आपल्या पदवीस तिकडची मान्यता मिळवावी लागते.

विद्यापीठात काही अभ्यासक्रम इंग्रजीतून असतात. पण बाकीच्या वाटांवर जर्मनशिवाय गत्यंतर नाही. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या ठरवल्या आहेत : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू. उमेदवारीला साधारणपणे बी-वन लागते. नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करायचे तर बहुधा बी-टू लागते. बी-वनच्या परीक्षेत वाचणे, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण मिळवावे लागतात. वाचनातले जादा गुण बोलण्यातली तूट भरून काढीत नाहीत.

आता "किती महिने?" याचा हिशेब करू. अगदी पहिल्या अक्षरापासून बी-टूपर्यंत पोहोचायला पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे ते आठशे तासिका लागतात, असे गोएथे इन्स्टिट्यूट ही जर्मन भाषेची संस्था सांगते. पुण्यामुंबईत आपण तिला मॅक्स म्युलर भवन म्हणतो. रोज दोन तासिका, आठवड्याचे पाच दिवस, असे धरले तर साठ ते ऐंशी आठवडे झाले. यात दिवाळीची सुट्टी नाही, पेरणीची धांदल नाही, आजारपण नाही. म्हणजे सव्वा ते दीड वर्ष, आणि घरचा अभ्यास वेगळाच. कोणी जर "तीन महिन्यांत बी-टू करून देतो, पैसे आधी भरा" असे म्हणाला, तर हा हिशेब त्याच्यापुढे मांडावा. ऊस बारा-चौदा महिन्यांनी तयार होतो हे ज्याला कळते, त्याला हेही कळेल.

पण हिशेब ऐकून खेड्यातला मुलगा दुसरीच शंका काढतो. तो म्हणतो, "आमचं इंग्रजीच कच्चं, मग जर्मन कुठून येणार?" त्याला माझे सांगणे असे की बाबा, इंग्रजी बाजूला ठेव. तुझी मराठी पक्की आहे ना? मग तू रिकाम्या हाताने निघालेला नाहीस.

आपल्या मराठीत तीन लिंगे आहेत : तो, ती, ते. जर्मनमध्येही तीनच : देर, दी, दास. निर्जीव वस्तूला पुल्लिंग आणि स्त्रीलिंग असते हे इंग्रजीवर वाढलेल्या माणसाला पटवावे लागते. आपल्याला ते उपजत ठाऊक असते. ते घर, तसे दास हाउस. ते पाणी, तसे दास वासर. ते पुस्तक, दास बूख. ते शेत, दास फेल्ड. ते मूल, दास किंड. जर्मनमध्ये मुलीला 'मेडशेन' म्हणतात आणि हा शब्द चक्क नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीवाले यावर हसतात. पण आपल्या आजीने "ते पोरगं कुठं गेलं?" असे म्हटले तर आपण हसतो का?

दुसरी गोष्ट विभक्तीची. शाळेत प्रथमा, द्वितीया घोकताना आपल्याला कंटाळा येई. जर्मनमध्ये चार विभक्ती आहेत. आपण म्हणतो, "मला आवडते." इंग्रजीत 'मी' कर्ता होऊन पुढे येतो. जर्मनमध्ये मात्र आपल्यासारखेच 'मीर', म्हणजे 'मला', येते. थंडी वाजली की जर्मन माणूस "मीर इस्ट काल्ट" म्हणतो, म्हणजे "मला थंड आहे." इंग्रजीवरून भाषांतर करणारा "मी थंड आहे" असे म्हणून बसतो, आणि त्याचा अर्थ निघतो की हा माणूस निष्ठुर आहे. मराठीवरून निघालेला इथे चुकत नाही.

आकडे पाहा. एकवीस म्हणजे आधी एक, मग वीस. जर्मनही तसेच म्हणतो : आइन-उंड-त्स्वान्त्सिश, एक आणि वीस. जोडवाक्यात "मला ठाऊक आहे, की तो आज येतो" असे म्हणताना आपले क्रियापद शेवटी येते. जर्मनमध्येही 'की'नंतरच्या वाक्यात क्रियापद शेवटीच जाते. समासाचे म्हणाल तर क्रांकेनहाउस म्हणजे आजाऱ्यांचे घर, आपले रुग्णालय जसेच्या तसे. आणि जर्मनमध्ये 'झेड' या अक्षराचा जो उच्चार आहे, तो 'चूल' आणि 'चाक' या शब्दांतला आपला दंत्य 'च' आहे. हिंदी बोलणाऱ्यालाही तो मुद्दाम शिकावा लागतो. आपल्या तोंडात तो बसलेलाच असतो.

अर्थात सगळेच जुळते असे समजू नका. आपला सूर्य पुरुष, त्यांचा सूर्य स्त्री. आपले दूध नपुंसक, त्यांचे स्त्रीलिंगी. म्हणून नाम पाठ करताना देर, दी किंवा दास त्याला चिकटवूनच पाठ करावे. गाय विकत घेताना दावे सोबत घेतो, तसे. ओठांचा चंबू करून 'ई' आणि 'ए' म्हटल्यासारखे दोन स्वर आपल्याकडे नाहीत, ते आरशात पाहून घोटावे लागतात. त्यांची काही क्रियापदे मध्येच तुटतात आणि अर्धा तुकडा वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. त्याला सरावाशिवाय इलाज नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गोष्ट सांगतो. समजा, आपली एखादी मुलगी तिकडच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीला आहे. एक आजोबा तिला म्हणतात, "मीर इस्ट श्लेश्ट." 'श्लेश्ट' म्हणजे वाईट, हे तिने पाठ केलेले असते. तिला वाटते, आजोबांना वाईट वाटते आहे, ते उदास झाले आहेत. ती धीर देऊन पुढे जाते. पण त्या वाक्याचा अर्थ "मला मळमळते आहे" असा आहे. तिने भांडे आणायला हवे होते, आजोबांना कुशीवर वळवायला हवे होते, डॉक्टरला कळवायला हवे होते. पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई म्हणतात, "एस त्सीट." शब्दशः "ते ओढते आहे." काय ओढते आहे? तर काहीच नाही. खिडकीतून गार वाऱ्याचा झोत येतो आहे, ती लावून घे, एवढेच त्यांचे म्हणणे असते. अशा वेळी प्रमाणपत्र ट्रंकेत असते आणि कामाला येतो तो कान. भाषा नीट न आल्याचा दंड एरवी आपण भरतो, इथे तो खाटेवरचे म्हातारे माणूस भरते. म्हणून बी-टूचा आग्रह हा सरकारी जाच मानू नये.

त्यातून पुस्तकातली भाषा वेगळी आणि गावची बोली वेगळी. आपल्याकडे जशी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, तशी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या बऱ्याच भागात श्वाबिश बोली चालते. छोट्या घराला पुस्तकात 'हॉयसशेन' म्हणतात, तर तिथली आजी 'हॉयसले' म्हणते. घाबरून जाण्याचे कारण नाही. आधी प्रमाण भाषा पक्की करावी, मग बोली ऐकत ऐकत उमगते. पुण्याची सून खानदेशात नांदते, तसेच हे.

तिकडे गेल्यावरची मोठी अडचण निराळी आहे. कामावरून खोलीवर यायचे, आपल्याच चार माणसांत मराठी-हिंदी बोलायचे, रात्री घरी फोन करायचा. असे केले तर वर्ष उलटले तरी भाषा जागची हलत नाही. तिकडे लहान गावातसुद्धा खेळाचे, गायनाचे मंडळ असते. त्याला 'फेराइन' म्हणतात. गावोगाव स्वयंसेवकांचे अग्निशामक दल असते. आपल्याकडच्या गणेशमंडळात नवखा मुलगा जसा खुर्च्या मांडता मांडता गावचा होतो, तसेच तिथेही होते. अनोळखी मोठ्या माणसाला मात्र 'झी' म्हणावे, म्हणजे आपले 'तुम्ही' किंवा 'आपण'. त्याने होऊन सांगितल्यावर 'दू', म्हणजे 'तू' म्हणावे. ही रीत आपल्याला शिकवायला नकोच.

पैशाविषयी दोन शब्द पालकांसाठी. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. बाडेन-व्युर्टेम्बर्गने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सहामाहीस १,५०० युरो शुल्क लावले. शिवाय विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाची रक्कम आधीच एका बंद खात्यात दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरात ती वर्षाला ११,९०४ युरो ठरली. ही रक्कम वेळोवेळी बदलते, म्हणून निघण्यापूर्वी वकिलातीचे ताजे पत्रकच पाहावे. मध्यस्थाच्या तोंडच्या आकड्यावर जमीन गहाण टाकू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. कराराचा कागद जर्मनमध्ये असेल तर मुलाने तो स्वतः वाचून अर्थ सांगितल्यावरच सही करावी. तो सांगू शकला नाही, तर अजून निघायची वेळ झालेली नाही असे समजावे.

परदेशी शिकायला जाताना आधी भाषेची तयारी करावी, याचे एक मोठे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव दाखल केले होते. त्यासाठी तिथल्या सरकारला त्यांनी जर्मन भाषेत पत्र लिहिले. अमेरिकेत शिकत असतानाच त्यांनी ती भाषा अभ्यासली होती. पुढे त्यांचे शिक्षण लंडनला पुरे झाले, तो भाग निराळा. पण दार ठोठावण्यापूर्वी त्या घरची भाषा शिकून घ्यावी, हा त्यांचा शिरस्ता लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या शाळेत जर्मन शिकवायला कोणी नसेल, पण मराठीचे व्याकरण तर तुम्ही शिकवताच. ते केवळ गुणांपुरते शिकवू नका. 'मला'मधला 'ला' काय काम करतो, 'ते पोरगं' नपुंसकलिंगी का, क्रियापद कुठे बसते, हे मुलाला एकदा नीट उमगले की जगातली कोणतीही भाषा त्याला निम्मी सोपी होते. आणि ज्याच्याकडे साधा मोबाईल आहे त्याला सांगा की, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे धडे फुकट मिळतात, सावकाश वाचलेल्या बातम्याही मिळतात. रोज दहा मिनिटे त्या ऐकाव्या. समजले नाही तरी ऐकाव्या. तान्हे मूल वर्षभर नुसते ऐकतेच, आणि मग एके दिवशी बोलू लागते.

तेव्हा जायचे असेल त्याने अवश्य जावे. पण आधी भाषा, मग तिकीट. आणि ही भाषा शिकायला बसताना आपली मराठी शिदोरीसारखी जवळ ठेवावी.