स्टेशनचं गाव रिकामं का झालं?

आज जाऊया अमेरिकेत, इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला. गावाचं स्पेलिंग इजिप्तच्या कैरोसारखंच, पण तिथले लोक म्हणतात ‘केरो’.

ओहायो आणि मिसिसिपी, या दोन नद्यांचा इथे संगम. १८५० च्या दशकात इलिनॉय सेंट्रल रेल्वे इथवर आली. पुढे पूलच नव्हता! मग रेल्वेचे डबेसुद्धा बोटीवर चढवून पलीकडे केंटकीत न्यायचे. १८८९ मध्ये पूल झाला आणि गाड्या थेट जायला लागल्या. बोटींचं काम गेलं, तरी गाव वाढतच राहिलं. १९२० ची लोकसंख्या १५,२०३. आणि २०२० ची? फक्त १,७३३!

मग झालं काय? नुसती रेल्वे कारण नाही. दुकानांत नोकऱ्या मिळत नाहीत म्हणून १९६९ मध्ये कृष्णवर्णीय रहिवाशांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार टाकला. कित्येक मालकांनी दुकानं बंद केली, पण त्यांना कामावर घेतलं नाही. बाजार ओस पडला.

पूल आजही आहे, गाड्याही जातात. म्हणून एखादं गाव रिकामं दिसलं, की ‘गाडी थांबत नाही ना आता’ एवढ्यावर थांबू नका. तिथे काम कुणाला नाकारलं, तेही विचारा. भेटू पुढच्या भागात!