आवाजातली धूळ



नगर तालुक्यातल्या एका गावी आईवरची कविता वाचत होतो. शेवटच्या कडव्याला माईक खरखरला. समोर अम्मी बसली होती. ते कडवं तिला ऐकू गेलं नाही. पुढे ती कार्यक्रमाला कधी येऊ शकली नाही. माईक माझाच, उघडा नेलेला.

दोष पिनेवरच्या धुळीचा. धूळ आणि दमटपणा धातूवर थर धरतात, तिथे वीज अडखळते. आधी अँप्लिफायर बंद करा, पिन काढा. मऊ ब्रशने धूळ झाडा. तोंडाने फुंकू नका, ओलावा जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसा, वाळू द्या. पॉलिश पेपर घासलात तर मुलामा जाईल. काम झालं की पिनेला टोपण घाला.

हिवरे बाजारात १९८९ नंतर पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी समतल चर खणले, झाडं लावली, मोकाट चराई थांबवली. डोंगरावरची माती जागेवर राहू लागली. धूळ म्हणजे तरी काय, जागा सोडलेली माती! त्या गावचे निर्णय ग्रामसभेत होतात. तिथे कुणाचं एक वाक्यही खरखरीत हरवायला नको. माझं एक कडवं हरवलंय, म्हणून सांगतो.