उष्णता न्यायची कोठे?



आमच्या जोयडा तालुक्यात डिग्गी येथे काळी नदी उगम पावते. सुपा धरणात ती अडते आणि पुढे ठिकठिकाणी वीज देत देत कारवारपाशी समुद्राला मिळते. वाटेत तिच्या काठी कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. तेथील प्रत्येकी 220 मेगावॉटचे चार संच 2000 ते 2011 या काळात कार्यान्वित झाले. इंधनात उत्पन्न होणारी उष्णता तेथे जड पाणी उचलून नेते. त्या उष्णतेने साध्या पाण्याची वाफ होते. आणि चाके फिरवून दमलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करण्यासाठी कद्रा जलाशयाचे पाणी लागते. उष्णता नाहीशी करता येत नाही. ती एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेऊन सोडावी लागते, एवढाच याचा अर्थ.

टेबलावरील संगणकालाही हाच नियम लागू आहे. त्याचा प्रोसेसर म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी सिलिकॉनची चकती. साधा प्रोसेसर सुमारे 65 वॅट वीज घेतो. इंटेलच्या कोअर आय-9 14900 के या प्रोसेसरची कमाल मर्यादा 253 वॅट आहे. या विजेची अखेर उष्णताच होते. एवढ्याशा जागेतून ती वेळीच हलविली नाही, तर प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो. म्हणजे वेगासाठी मोजलेले पैसे वाया गेले!

ही उष्णता हलविण्याच्या दोन रीती आहेत. एअर कूलरमध्ये तांब्याच्या नळ्या ती पातळ पत्र्यांच्या चळतीपर्यंत नेतात व पंखा ती हवेत सोडतो. लिक्विड कूलरमध्ये, म्हणजे द्रवशीतकात, एक छोटा पंप प्रोसेसरवरील तांब्याच्या पट्टीतून द्रव खेळवतो. तापलेला द्रव रबरी नळ्यांतून रेडिएटरमध्ये जातो आणि तेथेही अखेर पंखेच उष्णता हवेत सोडतात. सारख्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजार पटींहून अधिक उष्णता सामावून घेते, हे खरे; परंतु दोन्ही वाटांचा शेवट खोलीतील हवेतच होतो. खोलीत 34 अंश तापमान असेल, तर कोणताही असा कूलर प्रोसेसरला त्याच्या खाली नेऊ शकत नाही. याच कारणाने आमच्याकडील दमट पावसाळ्यातही त्याच्या नळ्यांवर बर्फाच्या पेल्यासारखे दव साचण्याची भीती नाही.

द्रवाने संगणक थंड ठेवण्याची कल्पना नवी नाही. 1985 च्या क्रे-2 या महासंगणकाचे विद्युत्पट्ट एका निष्क्रिय द्रवात बुडवून ठेवलेले असत. पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 मध्ये सुरू झालेल्या ‘परम ब्रह्म’ या सी-डॅकच्या महासंगणकातही द्रव थेट प्रोसेसरपर्यंत नेलेला आहे. तेथे शेकडो प्रोसेसर दाटीवाटीने बसविलेले असून ते रात्रंदिवस चालतात. त्यांची गरज खरी आहे. आपली गरज तीच आहे काय, हे पाहिल्यावाचून त्यांचे अनुकरण करणे शहाणपणाचे नव्हे.

आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा लग्नसमारंभांची चित्रफीत तयार करण्याचा धंदा काढीत आहे. पतपेढीचे कर्ज काढून तो संगणक जुळवितो आहे. “सर, काचेच्या पेटीत दिव्यांनी झगमगणारा मोठा लिक्विड कूलर घेऊ का?” असे त्याने मला विचारले. मी त्याला तीन प्रश्न उलट विचारले. ते आपल्यालाही उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न, प्रोसेसर उष्णता किती देतो व किती वेळ? 65 वॅटच्या प्रोसेसरला साधा एअर कूलर पुरतो. सव्वाशे वॅटपर्यंत चांगला उंच एअर कूलर काम भागवितो. दोनशे वॅटच्या पुढचा भार तासन्‌तास राहणार असेल, तर 280 किंवा 360 मिलिमीटरचा रेडिएटर घेणे योग्य. 120 मिलिमीटरचा छोटा रेडिएटर मात्र बहुधा चांगल्या एअर कूलरपुढे टिकत नाही. नाव तेवढे द्रवाचे.

दुसरा प्रश्न, तो बसेल कोठे? पेटीत रेडिएटरला जागा आहे का, किंवा एअर कूलरच्या उंचीला झाकण आडवे येते का, हे आधी मोजावे. रेडिएटरचे वरचे टोक पंपापेक्षा उंच ठेवावे. नळीत उरलेली हवा वर चढते. पंपच सर्वांत वर असेल, तर ती तेथे अडकून तो घरघरू लागतो.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: बिघडल्यास पुढे काय? एअर कूलरचा पंखा बंद पडला, तर नवा पंखा थोडक्यात मिळतो व घरीच बसविता येतो. सीलबंद द्रवशीतकाचा पंप बंद पडला, तर बहुधा सगळा कूलरच बदलावा लागतो. शिवाय वर्षानुवर्षे नळ्यांतून द्रव थोडा थोडा झिरपून कमी होतो. शहरात दुसरा कूलर त्याच दिवशी मिळेल. आमच्या रानात, धो धो पावसात झाड तारांवर आडवे पडून रस्ता बंद झालेला असताना, धंदा चार दिवस थांबेल. कर्जाचा हप्ता थांबणार नाही.

त्या मुलाचा प्रोसेसर 65 वॅटचा होता. त्याने एअर कूलर घेतला आणि वाचलेल्या पैशांत यूपीएस घेतला, कारण आमच्याकडे वीज जाण्याचा धोका उष्णतेच्या धोक्याहून मोठा. प्रोसेसर मोठा असता, तर मी त्याला मोठा द्रवशीतकच घे म्हटले असते, मात्र हमीची वर्षे पाहून.

कोणताही कूलर घ्या, दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्या पत्र्यांतील तांबडी धूळ मऊ ब्रशाने झाडा आणि संगणक भिंतीला चिकटवून ठेवू नका. उष्णता उचलणारे यंत्र विकत मिळते. तिला बाहेर पडण्याची वाट मात्र आपणच मोकळी ठेवावी लागते.